चाकांवर खापर कशाला?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत माउंटन बाइक कशी निवडावी यावर पानभर लेख आला. सायकलला एरवी जागा मिळते ती अपघाताच्या बातमीत, त्यामुळे आधी आभार. आता तक्रार.

लेखात चाकांबद्दल दोन विधानं ठोकून दिली आहेत. पहिलं, २९ इंची चाक २६ इंचीपेक्षा वेगवान, म्हणून शक्यतो २९च घ्या. दुसरं, चाकातला एक ग्रॅम म्हणजे फ्रेममधले चार ग्रॅम, म्हणून चाक होईल तितकं हलकं घ्या. आता त्याच प्रतीचं मोठं चाक लहान चाकापेक्षा जड असणारच. रिमचा घेर वाढला, टायर-ट्यूब वाढली, तारा लांब झाल्या. मग वाचकानं मोठं घ्यायचं की हलकं, हे लेखकानं वाचकावरच सोडलंय. आणि त्या दोन्ही विधानांत जे अर्धं खरं आहे, ते नेमकं कुठे आणि किती खरं आहे, याचा पत्ता नाही.

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवत होतो. निवृत्तीनंतर साताऱ्यात पुतण्याच्या सायकल दुकानात मागच्या बाजूला बसतो, चाकं बांधतो, आउट म्हणजे चाकाचा वाकडेपणा काढतो. विक्री तो बघतो, त्यामुळे अमुक साइजची सायकल खपवण्यात माझा काही लाभ नाही. पण पुरवणीतलं कात्रण खिशात घालून येणारी माणसं माझ्याकडेच पाठवली जातात, म्हणून हे पत्र.

लेख येण्याच्या थोडं आधीची गोष्ट सांगतो, म्हणजे मुद्दा लगेच ध्यानात येईल. गोडोलीचे एक गृहस्थ मुलीची सायकल घेऊन आले. मुलगी अकरावीत, उंची पाच फूट एक इंच. सायकल २९ची, दुसऱ्या गावाहून घेतलेली. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, मोठं चाक आहे, श्रम कमी पडतील. गृहस्थ म्हणाले, “सर, चाकं फार जड आहेत हो. यवतेश्वर चढतच नाही पोरगी. ह्याला २६ची चाकं बसतील का?” पोरगी शेजारी उभी, चेहरा असा की सायकल नको पण हा विषय आवरा.

चाकं जड आहेत म्हणतात ना, तर तोलूनच बघू म्हटलं. पुढचं चाक काढलं आणि शेजारच्या किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवलं. मग आमच्याकडचं त्याच दर्जाचं २६ची रिम, तसलंच टायर आणि ट्यूब असलेलं चाक ठेवलं. फरक दोनशे ग्रॅमच्या आत. मागच्या चाकाचाही तेवढाच धरा. म्हणजे दोन्ही मिळून जास्तीत जास्त चारशे ग्रॅम. मुलीचं वजन, सायकल आणि पाण्याची बाटली मिळून ६५ किलो. गणितासाठी ३०० मीटरचा चढ धरू आणि ती सलग १०० वॅटची ताकद लावते असं धरू, नवख्या मुलीच्या मानानं ठीक आहे. उंची गाठायलाच ३२ मिनिटं लागतात. त्यात हे चारशे ग्रॅम किती वेळ वाढवतात? १२ सेकंद. चढावर चाकातला ग्रॅम आणि दप्तरातला ग्रॅम यांत काही फरक नसतो. दोन्ही तेवढेच वर न्यावे लागतात. एकास चार तर सोडाच, तिथे एकास एकच आहे.

चाकातलं वजन जास्त मोजलं जातं ते फक्त वेग बदलताना. कडेला असलेलं वजन सायकलबरोबर पुढेही जातं आणि गोलही फिरतं, म्हणून वेग वाढवताना त्याला दुप्पट ऊर्जा द्यावी लागते. दुप्पट हीच कमाल मर्यादा, आणि तीही टायर, ट्यूब, रिम यांच्यापुरती. हबमधलं वजन आसाजवळ असतं, ते फिरण्याच्या हिशोबात जवळजवळ धरायलाच नको. चारशे ग्रॅमचे आठशे धरले तरी ६५ किलोत ते सव्वा टक्का होतात. जागेवरून वेग घ्यायला ५ सेकंद लागत असतील तर ५.०६ लागतील. आमच्या वर्गात मुलं इथे विचारायची की चाक मोठं असेल तर आणखी जास्त लागत असेल ना? नाही. चाकाचा व्यास या हिशोबातून उडूनच जातो. कडेचा प्रत्येक कण सायकलच्याच वेगानं फिरत असतो. चाक मोठं असलं की ते सावकाश फेरे घेतं, एवढंच. मोठं चाक वेग घ्यायला आळशी वाटतं ते त्याच्या जास्तीच्या वजनामुळे, मोठेपणामुळे नाही.

मग पोरगी चढत का नव्हती? मी सायकल उलटी करून दाते मोजले. पुढचं सगळ्यात लहान चेनव्हील २४ दात्यांचं, मागच्या फ्रीव्हीलचा सगळ्यात मोठा गिअर २८ दात्यांचा. हीच जोडी २६ची चाकं असलेल्या स्वस्त सायकलींवर वर्षानुवर्षं लावली जाते. कारखान्यानं चाक बदललं, बाकी सामान तेच ठेवलं. आता २६ × २.१ टायरचा घेर साधारण २.१० मीटर, २९ × २.१चा २.२९ मीटर. २४ला २८ या गिअरमध्ये पायडल एक फेरी फिरवलं की लहान चाकाची सायकल १.८० मीटर जाते, मोठ्या चाकाची १.९७. म्हणजे मोठ्या चाकावर तोच गिअर साडेनऊ टक्क्यांनी जड झाला. वजनामुळे अर्धा-पाऊण टक्का आणि गिअरमुळे साडेनऊ. पोरीच्या मांड्यांना जे लागत होतं ते हे होतं, आणि बिल फाटत होतं चाकांच्या नावावर.

फ्रीव्हील काढलं आणि ३४ दात्यांचं बसवलं. डेरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, तेवढ्याला पुरतो का ते आधी बघावं लागतं. हिचा पुरत होता. चेन लांब केली. आता एका फेरीत सायकल १.६२ मीटर जाते, म्हणजे २६च्या जुन्या हिशोबापेक्षाही हलकी. खर्च दोन नव्या चाकांपेक्षा, आणि ती त्या फ्रेममध्ये बसवण्याच्या खटाटोपापेक्षा, कितीतरी कमी.

दुसरं काम फुकटात झालं. टायर दाबलं तर अंगठा आत जाईना. टायरच्या बाजूला कमाल दाब ६५ पीएसआय छापलेला होता आणि कुणीतरी काँप्रेसरनं तेवढा भरून दिला होता. छापलेला आकडा ही टायरची मर्यादा असते, भरायचा दाब नसतो, हे विकणारे सांगत नाहीत आणि आपल्या लेखातही हवेबद्दल एक ओळ नाही. ट्यूब असताना ४८ किलोच्या मुलीला पुढे २६ आणि मागे ३० पुष्कळ होतात. तुमच्यासारख्या-माझ्यासारख्या सत्तर-पंच्याहत्तर किलोच्या गड्यानं त्यात चार-पाच वाढवावेत, नाहीतर दगडावर आपटून रिम आणि दगडाच्या मध्ये ट्यूब चेपते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. कडक टायर खडीवर उड्या मारतं. प्रत्येक उडीला सायकल आणि माणूस दोघं थोडे वर उचलले जातात, आणि ते उचलायची ताकद पायातूनच जाते. मऊ टायर खडीला पोटात घेतं आणि पुढे जातं. गुळगुळीत डांबरावर याचा थोडा तोटा होतो, मान्य. पण गुळगुळीत डांबर कुठे आहे ते आपल्याच वार्ताहरांना विचारा.

पुढे काय झालं असं कुणी विचारेल. ती यवतेश्वरच्या देवळापर्यंत चढली, वाटेत एकदा थांबून. कासला अजून गेलेली नाही, परीक्षा आहे म्हणे.

एवढं वाचून मी २९च्या विरुद्ध आहे असा समज होईल. तसं नाही. मोठ्या चाकाचा फायदा खरा आहे, फक्त तो वेगाच्या आकड्यात शोधू नये, दगडात शोधावा. एक वीट आडवी ठेवा, सात सेंटिमीटर उंच. चाक तिला टेकलेलं आहे आणि जागेवरून तिच्यावर चढायचंय. चाकावर दहा किलो भार असेल तर २६च्या चाकाला आसाशी साधारण ७.८ किलोचा आडवा जोर लावावा लागतो, २९च्या चाकाला ७.३. हे कागदावरचं गणित, टायर थोडं चेपतं म्हणून प्रत्यक्षात दोन्ही आकडे कमी होतील, पण त्यांच्यातलं अंतर याच दिशेचं राहील. सहा टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं. पण अजिंक्यताऱ्याच्या पायवाटेवर प्रत्येक हातावर एक दगड येतो, आणि प्रत्येक दगड थोडा थोडा वेग खातो. तिथे ते सहा टक्के साचत जातात. वीतभर लांबीच्या खड्ड्यात २६चं चाक १५ मिलिमीटर आत उतरतं, २९चं १४; हा फरक मात्र कुणाच्या हाताला कळत असेल असं मला वाटत नाही. लोक खड्ड्याचाच दाखला देतात, म्हणून लिहिलं.

आणखी एक समज आहे की मोठं चाक जमिनीला जास्त टेकतं म्हणून पकड जास्त. हवेचा दाब आणि वरचा भार तोच असेल तर टेकणारं क्षेत्रफळही जवळपास तेवढंच राहतं. ते लांबट होतं आणि तेवढंच अरुंद होतं. पकड वाढवायची तर दाब कमी करा किंवा टायर रुंद घ्या.

तर मग २६ इंच आलं कुठून? आपल्या लेखात म्हटलंय की २६ हे ‘शास्त्रीयदृष्ट्या ठरलेलं मूळ माप’ होतं. यात शास्त्र कुठे आलं? अमेरिकेत श्विन कंपनीनं १९३३मध्ये पोरांसाठी जाड बलून टायरच्या सायकली काढल्या, २६ × २.१२५ मापाच्या. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात, मरीन काउंटीतल्या माउंट टॅमलपायसच्या परिसरात, काही तरुण याच जुन्या सायकली भंगारातून उचलून डोंगरावरून खाली सोडायला लागले. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही त्यातली मंडळी. २१ ऑक्टोबर १९७६ला त्यांची पहिली शर्यत झाली. त्या उताराचं नाव रीपॅक. कारण मागच्या हबमधला ब्रेक उतारावर इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि खाली आल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. जाड टायर आणि त्याला साजेशी मजबूत रिम त्यांना मिळाली ती २६च्याच मापात, म्हणून माउंटन बाइकचं चाक २६. पुढे १९७७मध्ये ब्रीझनं खास या कामासाठी फ्रेम बनवली, १९८१मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टंपजंपर ही माउंटन बाइक बाजारात आली, आणि कारखान्यांनी रिमचे साचे त्याच मापाचे केले. मग वीस वर्षं कुणी विचारलंच नाही की हेच माप का. २९ची जाड टायरं धडपणे मिळायला लागली तीच मुळी १९९९मध्ये.

आणि मोठ्या चाकाचं कौतुक आपल्याला तरी कशाला? दूधवाल्याची काळी सायकल बघा. टायरवर २८ × १½ छापलेलं असतं, शेजारी बारीक अक्षरात ४०-६३५. हा मागचा आकडा खरा. टायर रिमवर जिथे बसतं तिथला तो व्यास, मिलिमीटरमध्ये. आपल्या लेखातल्या अत्याधुनिक २९ इंची चाकाच्या टायरवर शोधाल तर ५४-६२२ किंवा ५७-६२२ असं काहीतरी सापडेल. म्हणजे दूधवाल्याची रिम त्या माउंटन बाइकच्या रिमपेक्षा १३ मिलिमीटरनं मोठी आहे! २९ हा आकडा रिमचा नव्हे, रिमवर जाड टायर चढवल्यावर बाहेरून मोजलेल्या व्यासाचा, आणि तोही ढोबळ. रस्त्यावरच्या शर्यतीच्या ज्या सायकलला ७००सी म्हणतात तिचीही रिम हीच, ६२२. २७.५ म्हणजे ५८४, फ्रेंच लोकांचं जुनं ६५०बी. आणि माउंटन बाइकचं २६ म्हणजे ५५९, पण लेडीज सायकलच्या २६ × १⅜चा व्यास ५९० असतो. दोन्हीला २६च म्हणतात आणि एकाचं टायर दुसऱ्याला जन्मात बसत नाही. दर महिन्याला कुणीतरी गावाकडून फक्त ‘२६चं टायर’ एवढंच ऐकून येतो आणि परत जातो. पुरवणीत साइजचा तक्ता छापला होता त्यात हे आकडे घातले असते तर त्यांचा एसटीचा खर्च वाचला असता.

शर्यतीतल्या लोकांचं म्हणाल तर त्यांनी हा वाद कधीच निकालात काढला, आणि तोही एकदम नाही. २०१२च्या लंडन ऑलिंपिकची क्रॉस कंट्री शर्यत आठवा, हॅडली फार्मवरची. दीड तासाची शर्यत, आणि शेवटी चेक प्रजासत्ताकाचा यारोस्लाव कुल्हावी स्वित्झर्लंडच्या निनो शुर्टरच्या पुढे राहिला तो एका सेकंदानं. कुल्हावी २९वर, शुर्टर २७.५वर. ज्याला जे सिद्ध करायचं त्यानं ते या एका सेकंदातून सिद्ध केलं. मला दिसतं ते एवढंच की शिखरावरच्या दोन खेळाडूंना वेगवेगळी चाकं देऊन दीड तास पळवलं, तरी चाकांचा फरक माणसांच्या फरकात हरवून गेला. पुढे शुर्टरही २९वर आला, आणि आज क्रॉस कंट्रीत २९ सोडून दुसरं चाक सहसा दिसत नाही. उताराच्या शर्यतीत २९ला उशीर लागला. २०१७मध्ये स्कॉटलंडच्या फोर्ट विल्यमला ग्रेग मिनार २९वर जिंकला तेव्हा सगळ्यांच्या भुवया वर गेल्या. हे उतारवाले वजनाला किती घाबरतात? त्यांचं एकेक टायर सव्वा किलोच्या पुढे असतं. पातळ टायर फाटून शर्यत जाण्यापेक्षा जड टायर त्यांना परवडतं. आपल्याकडच्या बाभळीच्या काट्यांना तर शर्यतही लागत नाही. हलकं, कागदासारखं टायर घालून कास रोडला गेलेले वीर संध्याकाळी टेम्पोत सायकल टाकून परत येताना मी पाहिलेत.

वजनाला काही अर्थच नाही असं माझं म्हणणं नाही. शर्यतीच्या वळणावळणाच्या मार्गावर दर दहा सेकंदांनी ब्रेक आणि परत जोर असतो, तिथे कडेचं वजन जाणवतं. पुढचं चाक उचलून दगडावर ठेवायचं तर जड चाक हाताला लागतं. शॉकअॅब्सॉर्बर असलेल्या सायकलला चाक जितकं जड तितकं ते जमिनीची वळणं पकडायला मागे पडतं. पण हे सगळं कळायला सायकल त्या लायकीची असावी लागते आणि चालवणाराही. आपल्या वाचकांतले बहुतेक जण जी सायकल घेतात तिचं वजन १६-१७ किलो असतं, आणि त्यात सगळ्यात फुकट वजन कुठलं असेल तर ते पुढच्या चिमट्यातली (फोर्कमधली) स्प्रिंग. अडीच किलोचा तो चिमटा चार सेंटिमीटरही धड दबत नाही, दबला तर सुटताना ठणकन आवाज करतो. फ्रेमच्या मध्येही दुसरी स्प्रिंग असेल तर चढावर पायातला जोर तिच्यात जातो. त्याच पैशात साधा चिमटा आणि चांगल्या रिम-टायरची सायकल मिळते. पण ती दुकानात उठून दिसत नाही. पुतण्याही म्हणतो, काका, ती कुणी उचलत नाही हो.

मला खरी काळजी आहे ती मुलांच्या सायकलींची. पुरवणी वाचून लोक दहा-बारा वर्षांच्या मुलांना २९ची सायकल घेतात, दोन वर्षं जास्त टिकेल या हिशोबानं. चपलेचा नंबर मोठा घेतला म्हणून पोरगं जोरात पळत नाही. मोठ्या चाकाबरोबर हँडल वर जातं. फ्रेम लहान करायला जावं तर पुढचं चाक पायडलच्या इतकं जवळ येतं की वळताना बुटाचं टोक टायरला लागतं. उतारावर ढुंगण मागे न्यायला जागा हवी असते, तिथे मागचं चाक आधीच येऊन बसलेलं असतं. ही अडचण मोठ्यांनाही आहे. म्हणूनच सायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेनं २०१९मध्ये पुढे-मागे वेगवेगळ्या मापाची चाकं चालतील असं ठरवल्यावर उतारवाल्यांतले कित्येक जण पुढे २९ आणि मागे २७.५ वापरायला लागले. पुढचं चाक दगड झेलतं, तिथे मोठं. मागचं त्याच्या वाटेनं येतं आणि चालवणाऱ्याला हलायला जागा देतं. पाच फूट दोन इंचांच्या आतल्या माणसानं २७.५ घेतलं तर काहीही बिघडत नाही. मुलाला २४ किंवा २६ घ्या. दोन वर्षांनी ती सायकल विकली जाते. आमच्याकडे जुन्या २४च्या सायकलीला कधीच गिऱ्हाईक कमी पडत नाही.

आणि मोठ्या चाकाची एक गोष्ट विक्रेता कधी बोलत नाही, ती मी रोज बघतो. तारा लांब असल्या की चाक आडव्या माराला लवकर वाकतं. तेवढ्यासाठी भारी सायकलींचे मागचे हब १४२ मिलिमीटरवरून १४८चे केले, तारांना दोन्ही बाजूंनी थोडा जास्त तिरकस टेका मिळावा म्हणून. स्वस्त २९ला हे काही नसतं. तारा मशीननं भरलेल्या, ताण असा-तसा. नवी सायकल घेतली की पहिल्या पंधरवड्यात तारांचा ताण एकदा बघून घ्या. दोन तारा एकत्र दाबून बघायच्या. एक जोडी ढिली आणि शेजारची कडक लागली की समजा आउट येणार. आठव्या दिवशी पाचशे रुपयांचं काम नको असेल तर पहिल्या दिवशी पन्नासाचं करून घ्या. चाक कितीही मोठं आणि कितीही हलकं असलं तरी ब्रेकला घासत फिरायला लागलं की वरचं सगळं गणित वाया.

तेव्हा विनंती एवढीच, की सायकलवर पुन्हा लिहाल तेव्हा इंचाच्या आकड्यापाशी थांबू नका. टायरवरचा ५५९, ५८४ की ६२२ हा आकडा वाचायला सांगा. सगळ्यात हलक्या गिअरचे दाते मोजायला सांगा. आपल्या घाटांना मागे ३४च्या खाली काही घेऊ नये. हवा मापून भरायला सांगा, गेज असलेला पायपंप आता कुठेही मिळतो. आणि विकत घेण्याआधी सायकल दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर न चालवता जवळच्या एखाद्या चढावर चालवून बघू द्या, असा आग्रह विक्रेत्याकडे धरायला सांगा. जो देत नाही त्याच्याकडून घेऊ नये.

आपला,
एक निवृत्त निदेशक (फिटर),
सातारा

ता.क. : लेखासोबतच्या छायाचित्रातल्या मुलाच्या सायकलचा पुढचा चिमटा उलटा बसवलेला आहे. ब्रेकचे शू मागे, फ्रेमकडे तोंड करून आहेत बघा. खोक्यातून आलेल्या सायकली घरी जोडताना असं हमखास होतं. चाक पायडलकडे सरकतं आणि वळताना पाय अडकतो. माझं पत्र छापा अगर छापू नका, पण आपल्या छायाचित्रकाराला त्या मुलाचं घर माहीत असेल तर आधी तेवढं कळवा. पाना घेऊन दहा मिनिटांचं काम आहे.